ओवाळणीत दिलेली भिंत

माझी धाकटी बहीण संगीता मोठी चित्रकार आहे आणि तिच्या बालपणावर निघालेल्या पुस्तकात एक चित्र माझं आहे. ते मी बालपणी काढलेलं नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, शाळेतून किरकोळ रजा टाकून, कोळशानं काढलं.

मी माणूस वाईट नाही. (असं स्वतःच सांगावं लागतं, तेव्हा समजावं की प्रकरण गंभीर आहे.) दिंद्रुडजवळच्या आमच्या गावी मी हायस्कुलात गणित शिकवतो. शाळेचा खडू चुकून खिशातून घरी आला, तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवतो, आणि तसं शिपायाला सांगतोही. असा माणूस एका मंगळवारी स्वतःच्या आईला खोटी साक्ष द्यायला लावतो, हे कसं झालं ते सांगतो.

आमचं घर मेंढरांचं. सुगी सरली की वडील आणि नाना, म्हणजे माझे चुलते, कळप घेऊन रानोरान फिरायचे. लहान कोकरं घरी राहायची, मागच्या पडवीत बांधलेली. त्यांची राखण संगीकडे. कोकरं राखायची म्हणजे नुसतं बसायचं! आठ वर्षांची पोर किती बसणार? चुलीतला कोळसा आणि मेंढरांवर खुणा करायचा गेरू हाताशी होता, समोर मातीची भिंत होती. तिनं त्या भिंतीवर सगळा कळप काढला. वडील रानातून आले की पाणी प्यायच्या आधी भिंतीपाशी जायचे आणि बोट ठेवून ओळखायचे, "ही लंगडी. ही चोरटी, दुसऱ्याच्या रानात शिरणारी. ही नानाची काळतोंडी!" एकही चुकायची नाही. मी थोरला. माझं मत पडलं की असले उद्योग करण्यापेक्षा पोरीनं पाढे पाठ करावेत. आज तिची चित्रं समुद्रापलीकडं जातात, आणि मला सतराचा पाढा येतो.

दोन दिवाळ्यांपूर्वी भाऊबिजेला ती आली. ओवाळून झाल्यावर मी ताटात पाकीट ठेवलं. तिनं ते उचललं आणि माझ्याच खिशात कोंबलं.

"दादा, मला पाकीट नको, साडी नको, वाटणी तर मुळीच नको. ती मागची भिंत दे."

"भिंत? पुण्याला नेणार कशी?"

"न्यायची न्हाई रे येड्या! हितंच राहू दे. फक्त रंगवू नको. तिवढीच ओवाळणी."

आई शेजारी बसली होती. ताटात निरांजन जळत होतं. मी म्हणालो, "दिली."

यंदाच्या उन्हाळ्यात मुलाची सुपारी ठरली. मुलगी घाटनांदूरची. घराला रंग द्यायचा ठरला. बायको म्हणाली, "मागच्या भितीवर सतरंजी टांगते, कोणाला दिसायचं न्हाई. वन्संची भिंत हाय, हात लावू नका." इतकं स्पष्ट सांगितलं होतं हो! पण रंगाऱ्यानं संध्याकाळी डबा दाखवला. "मास्तर, पिस्ता कलर उरलाय. काय करू?" गणिताच्या मास्तरचा एक रोग असतो. बाकी उरलेली बघवत नाही. मी म्हणालो, "मार मागं." आणि गेलो पेढे आणायला. पेढे घेऊन परत आलो, तर अख्खा कळप पिस्ता कलरमध्ये बुडालेला! बाकी शून्य.

सुपारी मात्र झकास झाली. खरं अप्रूप म्हणजे नाना आले. वाटणी झाल्यापासून नाना आमच्याशी बोलत नव्हते. भांडण खुणेचं आणि मेंढीचं. एकत्र होतो तोवर आमच्या सगळ्या मेंढरांना एकच खूण असायची, मानेवर गेरूचा तांबडा पट्टा. वाटणीत तो पट्टा कोणी ठेवायचा यावर जुंपली, तेव्हा दोघांनीही सोडला. नानांनी हिरवा पट्टा घेतला. आम्ही निळ्या रंगात दोन बोटं बुडवून मेंढीच्या पुठ्ठ्यावर उठवू लागलो. पण वाटणीच्या दिवशी नानांची काळतोंडी सापडेना. ती काकूला माहेरहून आंदण आलेली, म्हणजे नानांचा जीव. वडील म्हणाले, "लांडग्यानं नेली." नाना म्हणाले, "लांडगा दोन पायांचा व्हता." झालं! वडील गेले तेव्हा नाना खांदा द्यायला आले, पण बोलले नाहीत. यंदा माझा मुलगा त्यांच्या पायावर डोकं ठेवून बसून राहिला, म्हणून सुपारीला आले, बुंदी दोनदा मागून घेतली आणि जाताना म्हणाले, "लग्नाला येतो." आई त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

आणि मग संगीचा फोन आला.

"दादा, भिंत हाय ना?"

"हाय की!" (यात खोटं काही नव्हतं. भिंत होती.)

"माझ्या लहानपणावर पुस्तक करतायत. फिल्म पण. मी सांगितलंय त्यांना, माझं पहिलं चित्र अजून भितीवर हाय, माझ्या भावानं जपलंय. मंगळवारी घेऊन येते."

मी खरं सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "जेवायला काय करायचं?"

सोमवारपासून दोन दिवस रजा टाकली. आधी पत्र्याच्या तुकड्यानं पिस्ता कलर खरवडला. ऑइलपेंट मोठा निष्ठावान असतो. एकटा निघत नाही, माती घेऊन निघतो. खाली संगीच्या चित्राचा मागमूस नव्हता, नुसते खड्डे. ते बुजवले, भिंत सारवली, सुकू दिली आणि दुपारी कोळसा हातात घेतला. मनाला समजावलं, आठ वर्षांच्या पोरीला जमलं, ते बी.एस्सी. झालेल्या माणसाला का जमणार नाही?

पहिली मेंढी काढली. बायको येऊन उभी राहिली.

"भुईमुगाची शेंग कावून काढली?"

"मेंढी आहे ती."

"पाय?"

"गवतात आहेत."

"अन् गवत?"

मी पुढं सरकलो. दुसरी काढली, तिसरी काढली. बारकावे नकोत, कुरळी लोकर दिसली की पुरे, म्हणून गोल गोल वळणं घेत सुटलो. आई काठी टेकत आली, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली आणि मायेनं म्हणाली, "ढग लई चांगले काढलेस रे लेका. पाऊस येईल बघ."

मी घाबरलो. मेंढरं ओळखूच येईनात! मग एकच उपाय सुचला, खूण घालावी. खूण दिसली की मेंढरू आलंच. निळा रंग कालवला, दोन बोटं बुडवली आणि एकेकीच्या पुठ्ठ्यावर ठेवत गेलो. आयुष्यात एवढी एकच गोष्ट रंगात केलेली, हात कसा सपासप चालला! तेवढ्यात घाम पुसायला गेलो, कोळशाचा हात एका मेंढीच्या तोंडावर घासला. पुसलं तर आणखी पसरलं. तोंड पार काळं झालं. मेंढीचं म्हणतोय मी. राहू दिलं.

चित्र जुनं दिसावं म्हणून खाली गोवऱ्या पेटवल्या. धूर पडवीत मावेना. शेजारचे लोक बादल्या घेऊन धावले आणि एकानं काहीही न विचारता अख्खी बादली माझ्यावर ओतली. भिंत वाचली. (कलेसाठी माणसं काय काय सोसतात म्हणतात, ते मला त्या दिवशी पटलं.)

संध्याकाळी आईची तयारी करून घ्यायला बसलो.

"आई, उद्या विचारलं तर म्हण, हे संगीनं काढलं."

"आज सोमवार हाय. सोमवारी मी खोटं बोलत न्हाई."

"उद्या बोलायचंय."

"मग उद्या सांग."

मंगळवारी दुपारी मांजरसुंब्याहून फोन आला, ढाब्यावर जेवायला थांबलोय म्हणून. पोटभर जेवून सगळ्यांना तिथंच झोप लागावी अशी मी मनोभावे प्रार्थना केली. लागली नाही. गाडी दारात आली. संगी, पुस्तक लिहिणाऱ्या अदितीताई आणि एक कॅमेरावाला. चहासुद्धा न घेता सगळे तडक मागच्या पडवीत!

संगी भिंतीसमोर थांबली. तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी तिच्या चपलांकडं बघत राहिलो. चपला हलल्या नाहीत.

"हेच का ते?" अदितीताईंनी विचारलं.

कोकरानं एकदा बें केलं.

"हो," संगी म्हणाली. "हेच."

शिक्षणाधिकारी न सांगता वर्गात आले तेव्हाही माझं असं पाणी झालं नव्हतं. ओवाळणीत दिलेली भिंत मी बुडवली, आणि जिची बुडवली तीच माझ्यासाठी कॅमेऱ्यासमोर खोटं बोलत होती!

अदितीताई भिंतीजवळ गेल्या. "किती निरागस रेषा! आणि एवढ्या लहान वयात नुसते ढग काढावेसे वाटले? पाण्याची वाट बघणाऱ्या गावातली मुलगी... विलक्षण आहे हे!"

संगीला खोकला आला.

"पण हे निळे ठसे," अदितीताईंनी आपली बोटं त्यावर ठेवून बघितली, "आठ वर्षांच्या मुलीची बोटं एवढी जाड?"

मंगळवार होता. आई ताबडतोब पुढं झाली. "लहानपणी लई दणकट व्हती बाई! हाताला अशी रेड्यावानी. मागून वाळली."

बायको तोंडात पदर कोंबून घरात पळाली.

इथं प्रकरण मिटलं असतं. पण गावात कॅमेरा आला आणि नाना घरी बसून राहिले, असं कसं होईल? धुतलेला फेटा बांधून नाना आले. सगळ्यांना रामराम केला. भिंतीकडं वळले आणि जागीच थबकले.

"नाना, बघा ना, संगीताचे ढग," अदितीताई म्हणाल्या.

"ढग कुठले बाई? मेंढरं हायेत ही. खूण बघा की." जगातला पहिला माणूस, ज्यानं माझी मेंढरं ओळखली! मला भरून आलं. पण ते फार टिकलं नाही. नानांची काठी भिंतीवरून सरकत सरकत एका जागी थांबली. "अन् ही... ही काळतोंडी! मपली काळतोंडी!"

"नाना, ते जरा—"

"तू गप बे मास्तर! संगे, तू काढलं न्हवं हे? लहानपणी?"

संगीनं माझ्याकडं बघितलं. "हो, नाना."

"बघा! लेकरू कदी खोटं काढत न्हाई. पोरीनं डोळ्यानं बघितलं अन् भितीवर मांडलं! तवा वाटणी झालीबी न्हवती. समद्या मेंढरांवर तांबडा पट्टा पायजे. मग माझ्या काळतोंडीवर ह्यांची दोन बोटं कुठून आली? आदीपसूनच डाव! अन् मला सांगितलं, लांडगा!" नाना सरळ कॅमेऱ्याकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांचं ऐकून घेणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं होतं. "लिवून घ्या साहेब! माझा सख्खा भाऊ चोर व्हता. अन् मी ह्यांच्या लग्नाला येत न्हाई!"

"भाऊजी, गेलेल्या माणसाला असं बोलू नका हो," आई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

हसण्यासारखं तिथं काहीच उरलं नाही. संगी भिंतीला पाठ लावून उभी होती. चित्र माझं नाही म्हणावं, तर भाऊ खोटारडा. माझं आहे म्हणावं, तर बाप चोर. एवढी निवड मी तिच्यासाठी करून ठेवली होती. ओवाळणी म्हणून.

"नाना," मी म्हणालो, "ही काळतोंडी मी काढली. काल."

"काय?"

"संगीचं चित्र मी रंगात बुडवलं. सुपारीच्या वेळी. मग भिऊन हे काढलं. ही खूण माझ्या हाताच्या सवयीनं पडली, आणि तोंड काळं झालं ते घाम पुसताना. वडिलांनी तुमची मेंढी नेली नाही. नेली असती तर मला ठाऊक असतं. मला काही लपवता येत नाही, बघताच आहात."

नानांनी मला खालून वर न्याहाळलं. "बापाला वाचवाया बघतो काय? तुला चितर येतं व्हय?"

"नाही येत. म्हणूनच असं आलंय."

"काढ मग! आत्ता! हितं, आमच्या म्होरं!"

कॅमेरावाला पुढं सरकला. मी कोळसा घेतला. बावन्न वर्षांचा, चष्मा लावलेला गणिताचा मास्तर, आई, बायको, बहीण, चुलता आणि कॅमेरा यांच्यासमोर मेंढी काढू लागला. देवाकडं आयुष्यात पहिल्यांदा अशी प्रार्थना केली, की चांगली येऊ देऊ नको. देवानं ऐकली. गोल झालं, वळणं झाली, पाय गवतात गेले. मी बाजूला झालो.

नाना जवळ गेले. जुनी बघितली, नवी बघितली. पुन्हा जुनी बघितली.

"ह्याचीच हाय," नाना म्हणाले. "दुसऱ्या कोणाला जमायची न्हाई."

संगी हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग भिंतीला टेकून, मग खालीच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं, ते मी विचारलं नाही. डोळे पुसून ती उठली, माझ्या हातातला कोळसा घेतला आणि भिंतीच्या आतल्या अंगाला एक रेघ ओढली. हात न उचलता. पाठ झाली, पोट झालं, पाय आले, खाली वाकलेली मान आली. तोंड काळं केलं. डाव्या कानाला एक चीर दिली. आईनं न सांगता गेरू आणून दिला, तेव्हा मानेवर तांबडा पट्टा ओढला.

नानांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. कानावर बोट ठेवलं.

"कुत्र्यानं फाडला व्हता. मीच हळद भरली व्हती." मग आईकडं न बघता म्हणाले, "वैनी, तवा लांडगे लई व्हते खरं."

आई म्हणाली, "लई व्हते भाऊजी." आणि चहा टाकायला उठली.

संगी माझ्याकडं आली. मी माफीची वाक्यं मनात जुळवत होतो. सुरुवातच जमत नव्हती.

"दादा, ही भिंत अजून माझीच हाय ना?"

"तुझीच."

"मग आता पुसू नको. तुझं पण नको पुसू."

"माझं कशाला? लाज आहे ती."

"ओवाळणीत पडलं ते परत देत नसतात."

पुस्तक परवा पोस्टानं आलं. अख्ख्या पानभर भिंतीचा फोटो. आतल्या अंगाला संगीची काळतोंडी, खाली छापलंय 'मेंढी'. कडेला माझा कळप, आणि खाली छापलंय: 'ढग. चित्रकर्तीचे बंधू.' कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं की मेंढरं आहेत! तरी ढग!

नाना पुस्तक बघायला आले. आता ते रोजच येतात. चष्मा लावून त्यांनी पानाला नाक टेकवलं.

"ह्या ढगांवर दोन बोटं हायेत की बे मास्तर."

"हो, नाना."

"अन् भिंत वाटणीच्या आदीची. एकत्रातली."

"पण नाना, ढग आत्ताचे..."

"भिंत एकत्रातली, म्हंजी ढगबी एकत्रातले. औंदा पाऊस पडला तर निम्मा मपल्या रानात पडला पायजे. आदीच सांगून ठेवतो, मागून भांडण नको."

आम्ही दोघांनी पडवीतून वर बघितलं. आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

"पडू तर द्या," बायको भांडी घासता घासता म्हणाली. "तिरपा पडला म्हंजी झालं. वन्संची मेंढी आत हाय. ह्यांचे ढग तिवढे धुऊन निघतील."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा किरकोळ रजा टाकली आणि पडवीला माझ्या बाजूनं एक जास्तीचा पत्रा ठोकून घेतला. संगीनं सगळ्यांना सांगूनच ठेवलंय ना, घरातली कला भावानं जपलीय म्हणून!